बाबांची गोळी, आईची गोळी

पत्र साताऱ्याहून आलं आहे. नाव लिहू नका, असं पत्रात आहे, म्हणून लिहीत नाही. थोडं आखूड करून देते.

"माझं वय 52. बाबा एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर गुडघे आणि कंबर दोन्हींनी उचल खाल्ली. 2001 मध्ये डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेता घेता एक दिवस त्यांना डांबरासारखी काळी शी झाली, चक्कर येऊन पडले. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. नंतर हाडांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. 'ही नवी आहे, पोटाला त्रास देत नाही,' म्हणाले. रोफेकॉक्सिब 25. आमच्याकडे ती नेहमी मिळायची नाही, म्हणून दर महिन्याला पुण्याहून मी घेऊन यायचो. बाबांना इतका फरक पडला की 2003 च्या दासनवमीला ते सज्जनगडाच्या पायऱ्या चढून गेले. जून 2004 मध्ये एका पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. 64 वर्षांचे होते. शुगर होती, तंबाखू होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेपरात वाचलं की ते औषध हार्टला धोका म्हणून बाजारातून काढून घेतलं. ताई रागाच्या भरात म्हणाली, 'तूच आणून देत होतास ना?' त्यानंतर तिने विषय काढला नाही, मीही नाही. परवा घर रंगवायला काढलं तर बाबांच्या ट्रंकेत त्याच गोळ्यांच्या दोन स्ट्रिप सापडल्या. तेव्हापासून झोप लागत नाही. त्यात आता आई. वय 76, बीपी आहे, गुडघे ठणकतात. ती रोज एटोरिकॉक्सिब 90 घेते, जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणते. नावातलं 'कॉक्सिब' वाचलं आणि अंगावर काटा आला. बंद करायला लावली तर ती अंथरूण धरेल. बाबांना मी मारलं का? आणि आईचं काय करू?"

आईचं आधी थोडक्यात सांगते, कारण ते याच आठवड्यात करायचं आहे. आज संध्याकाळी तिचं बीपी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवून, पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा. आकडा 140/90 च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती एटोरिकॉक्सिब देऊ नका. ही गोळी एकदम थांबवली म्हणून अपाय होत नाही, दुखणं परत वर येतं एवढंच. तेवढे दोन-चार दिवस पॅरासिटामॉल आणि गुडघ्याला लावायचं जेल यावर काढता येतात. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवायची, आणि रक्त पातळ करणारी एखादी चालू असेल तर तीही. बाकी सविस्तर पुढे येतंच आहे.

आता बाबा.

तुम्ही त्यांना मारलं का? नाही. पण माझ्या एका 'नाही'ने तुम्हाला झोप लागणार नाही, आणि नुसता धीर द्यायला मी हे लिहीतही नाही. ते औषध काय होतं, बाजारात का आलं, का गेलं आणि त्यात तुमचा हात कुठवर पोचत होता, हे नीट समजून घेतलंत तर ते उत्तर तुमचं स्वतःचं होईल.

तुमच्या बाबांना 2001 मध्ये जे झालं, नेमक्या त्याच दुखण्यावर उतारा म्हणून हे औषध शोधलं गेलं होतं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती सूज आणि वेदना वाढवतात, पण तीच जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षणही करतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं ती तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. त्या कामासाठी त्यांना 1982 चं नोबेल मिळालं. म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांनी दुखणं थांबतं आणि त्याच वेळी पोट उघडं पडतं. बाबांची काळी शी म्हणजे बहुधा जठरातल्या व्रणातून वाहिलेलं रक्त होतं. अशा रक्तस्रावाने माणसं दगावतात. बाबा त्यातून वाचले, हे विसरू नका.

पुढे कळलं की ही रसायनं बनवणारी विकरं (एन्झाइम) दोन आहेत, कॉक्स-1 आणि कॉक्स-2. पोटाचं रक्षण मुख्यतः पहिल्याकडे, सुजेचं काम मुख्यतः दुसऱ्याकडे. तेव्हा फक्त दुसरं अडवलं तर सूज जाईल आणि पोट वाचेल, असा तो विचार. रोफेकॉक्सिब त्यातूनच आलं. अमेरिकेत मे 1999 मध्ये मर्क कंपनीने ते व्हायॉक्स या नावाने आणलं. तुमच्या स्ट्रिपवर हे नाव नसेल, कारण भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, ते 2005 पासून मिळू लागलं. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या आपापल्या नावाने रोफेकॉक्सिब बनवत होत्या.

पोटाबद्दलचा दावा खोटा नव्हता. 2000 च्या नोव्हेंबरात 'व्हिगॉर' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. आमवाताचे 8,076 रुग्ण, निम्म्यांना रोफेकॉक्सिब, निम्म्यांना नॅप्रोक्सेन. जठरातले व्रण, रक्तस्राव असे प्रकार रोफेकॉक्सिबवर निम्म्याहून कमी झाले. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाला ही गोळी दिली, ती तेव्हाच्या ज्ञानाला धरूनच दिली. डायक्लोफेनॅक तसंच चालू ठेवलं असतं तर ती घोडचूक झाली असती.

पण त्याच निबंधात आणखी एक आकडा होता. हार्ट अटॅक रोफेकॉक्सिबच्या गटात 0.4 टक्के, नॅप्रोक्सेनच्या गटात 0.1 टक्के. या फरकाचा अर्थ असा लावला गेला की नॅप्रोक्सेन हृदयाचं रक्षण करतं म्हणून तिकडे अटॅक कमी झाले. रोफेकॉक्सिब धोका वाढवतं का, हा सरळ प्रश्न बाजूला पडला. पुढे 2005 च्या डिसेंबरात, ज्या नियतकालिकात तो निबंध आला होता त्याच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने जाहीर केलं की रोफेकॉक्सिबच्या गटातले तीन हार्ट अटॅक निबंधात दाखवलेच नव्हते, आणि निदान दोन लेखकांना ते निबंध छापून येण्याच्या बरेच आधी माहीत होते. हे वाचताना आजही माझा संताप होतो. आकडे हाती असलेल्या माणसांनी ते समोर ठेवले नाहीत. पुण्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर पैसे मोजून स्ट्रिप खिशात घालणाऱ्या मुलाला ते कुठून दिसणार होते?

धोका का वाढला, तेही समजून घ्या, आईच्या वेळी उपयोगी पडेल. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन बनतं. ते वाहिनी सैल ठेवतं आणि रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू देत नाही. ते बनवण्यात कॉक्स-2 चा मोठा वाटा. उलट बिंबिकांमध्ये थ्रॉम्बॉक्सेन बनतं, ते गुठळी करायला मदत करतं, आणि ते कॉक्स-1 चं काम. दोन्ही विकरं चालू असली की दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते. गाडीच्या एका बैलाचा कासरा आवळला आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं तर गाडी एका अंगाला जाणारच. रोफेकॉक्सिबने कॉक्स-2 तेवढं आवळलं. पोट वाचवणारा जो गुण, तोच हृदयाच्या मुळावर आला. शिवाय अशा औषधांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं, ते वेगळंच.

औषध शेवटी ज्या चाचणीमुळे गेलं, तिचा दुखण्याशी संबंधच नव्हता. 'अ‍ॅप्रूव्ह' नावाची ती चाचणी मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून हे औषध उपयोगी पडतं का, हे बघायला काढली होती. आता पुढचे आकडे सावकाश वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात आहे. 1,287 माणसांना रोफेकॉक्सिब 25 मिलिग्रॅम, म्हणजे बाबांचाच डोस, आणि 1,299 माणसांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत 46 जणांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा गुठळीचा तसाच काही झटका आला. औषध नसलेल्या गटात 26 जणांना. हा फरक दिसला तेव्हा चाचणी मुदतीआधीच थांबवली आणि 30 सप्टेंबर 2004 ला कंपनीने जगभरातून औषध मागे घेतलं. भारत सरकारने त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यावर बंदी घातली.

46 आणि 26. म्हणजे साधारण वीस माणसं जास्तीची. ती वीस माणसं औषधामुळे गेली किंवा आजारी पडली, याबद्दल शास्त्राला शंका नाही. पण त्या 46 जणांना एका खोलीत उभं केलं आणि जगातल्या सगळ्यात हुशार हृदयरोगतज्ज्ञाला विचारलं की यातली वीस कोणती, तर त्याला सांगता येणार नाही. उरलेल्या 26 जणांना गोळी घेतली नसती तरी झटका आलाच असता, पण ते 26 कोणते, हेही कळत नाही. अटॅकवर औषधाचा शिक्का नसतो. ईसीजीत दिसत नाही, शवविच्छेदनातही दिसत नाही. हजारो माणसांची दुसऱ्या हजारोंशी तुलना केली तरच हा धोका नजरेला येतो, एका माणसाच्या मरणात तो शोधून सापडत नाही.

बाबा त्या खोलीत कोणत्या बाजूला उभे होते, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मलाही नाही, ताईलाही नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं हेच आहे. बाबांचं वय 64, शुगर, तंबाखू. ही तिन्ही कारणं गोळीशिवायही पहाटेच्या अटॅकला पुरेशी होती. पण 'शुगर होती, तंबाखू होती, गोळीचा काही संबंध नव्हता' असं सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. ज्याच्या हृदयाला आधीच धोका आहे त्याला असं औषध आणखी धोक्यात ढकलतं. कुणी सांगेल की अठरा महिने घेतल्यावरच धोका सुरू होतो. सुरुवातीला तसं छापूनही आलं होतं, पण 2006 मध्ये ते विधान मागे घ्यावं लागलं. तो आधार धरू नका. बाबांनी तर त्याहून जास्त दिवस घेतली होती, नाही का?

एका माणसाचं सांगता येत नाही, पण सगळ्यांचं मिळून सांगता येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनातलेच डेव्हिड ग्रॅहॅम 2004 च्या नोव्हेंबरात तिथल्या सिनेटसमोर उभे राहून याबद्दल बोलले. पुढच्या वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की या औषधाच्या काळात एकट्या अमेरिकेत 88,000 ते 1,40,000 लोकांना हृदयाचा गंभीर विकार जास्तीचा झाला. 2007 मध्ये कंपनीने तिथले हजारो दावे मिटवायला 485 कोटी डॉलर देऊ केले. दोष कुणाकडे जातो, याचा मागोवा घेत गेलात तर तो आकडे दडवणाऱ्यांपर्यंत पोचतो, धोक्याचा सरळ प्रश्न वेळेवर न विचारणाऱ्यांपर्यंत पोचतो, मिटल्या डोळ्यांनी जाहिरात करणाऱ्यांपर्यंत पोचतो. दर महिन्याला पुणे ते सातारा गोळ्या पोचवणाऱ्या मुलापाशी येऊन तो थांबत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तुम्ही बापाला वेळेवर दिलंत. त्या काळी आपल्याकडे हातात आलेल्या माहितीवर कोणताही शहाणा मुलगा हेच करता.

आणि दासनवमी. ती खरी होती. ज्या माणसाला संडासातून उठताना भिंतीचा आधार लागत होता, तो पायऱ्या चढून समर्थांच्या समाधीपाशी गेला. बाबांचं ते वर्ष त्या गोळीने दिलं. पुढे जे कळलं त्याने ते वर्ष खोटं होत नाही.

ताईशी बोला. तिने ते वाक्य उच्चारलं तेव्हा तीही वडील गेलेली मुलगी होती. रागाला जागा हवी होती, समोर तुम्ही होतात. इतकी वर्षं ती गप्प आहे याचा अर्थ ती अजून तुम्हाला दोषी धरते असाच घेऊ नका. बोलून गेल्याचं तिलाही टोचत असेल, असं मला वाटतं. तिची माफी मागू नका आणि तिला मागायलाही लावू नका. भाऊबीजेची वाट न बघता जाऊन बसा आणि सरळ सांगा, 'ताई, बाबांच्या गोळ्या सापडल्या, तेव्हापासून मला झोप नाही. तू तेव्हा म्हणालीस ते माझ्या मनात अडकलंय.' मग हे 46 आणि 26 चं तिला सांगा. शिवाय आईचं सगळं आता तुम्हा दोघांना मिळून बघायचं आहे. कामाचं बोलणं असलं की अवघड बोलणंही सोपं जातं.

त्या दोन स्ट्रिप आता घरात नकोत. कुणाच्या तरी हाताला लागतील आणि 'दुखण्याची गोळी' म्हणून पोटात जातील, असं होतं. गोळ्या काढून उकळलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. स्ट्रिप कापून टाका. आठवण म्हणून बाबांचा एसटीचा बिल्ला असेल, चष्मा असेल, तो ठेवा.

आता आईकडे वळते.

एटोरिकॉक्सिब रोफेकॉक्सिबच्याच घरातलं, मर्कचंच. भारतात त्यावर बंदी नाही, युरोपातही ते मिळतं, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये त्याला मंजुरी नाकारली. तेव्हा तुमच्या अंगावर काटा आला तो अगदीच अस्थानी नव्हता. मात्र यातून 'ही गोळी म्हणजे विष' असाही निष्कर्ष काढू नका. कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सगळं आहे. युरोपातल्या नियमानुसार गुडघ्याच्या झिजेसाठी एटोरिकॉक्सिबचा डोस रोज 30 मिलिग्रॅम, फार तर 60. 90 हा आमवातासारख्या आजारांचा डोस आहे. बीपी सतत 140/90 च्या वर असेल आणि आटोक्यात नसेल तर ही गोळी द्यायचीच नाही. आधी हार्ट अटॅक, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), पक्षाघात झाला असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल, तरीही नाही. तुमची आई झिजेसाठी 90 घेते, बीपी असताना, रोज, आणि कुणी तपासत नाही. माझं भांडण त्या 'रोज' आणि 'कुणी तपासत नाही' याच्याशी जास्त आहे. मूळ चिठ्ठी काढून बघा, बहुधा त्यावर पाच किंवा सात दिवसच लिहिलेले असतील. ती चिठ्ठी कधीच संपली. स्ट्रिपच्या कडेला उभी लाल पट्टी असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांची खूण आहे. मेडिकलवाला ओळखीचा असेल, आईला 'काकू' म्हणून हाक मारत असेल, मायेनेच देत असेल. त्याला भांडू नका, पण स्पष्ट सांगा की यापुढे नवी चिठ्ठी दाखवल्याशिवाय आईला दुखण्याची कोणतीही गोळी द्यायची नाही.

'मग कॉक्सिब सोडून साधी गोळी देतो' असं मनात आलं असेल तर थांबा. डायक्लोफेनॅकचा हृदयाला असलेला धोका कॉक्सिबइतकाच आहे, हे युरोपच्या औषध संस्थेने 2013 मध्ये तपासून सांगितलं. नॅप्रोक्सेन हृदयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरं, पण पोटाला कठीण, बाबांसारखा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून या वयात ते दिलंच तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत देतात. म्हणजे हृदय, पोट, किडनी या तिन्हींना निर्धोक अशी सूज उतरवणारी गोळी अस्तित्वात नाही. जी त्या माणसाला कमीत कमी जड जाईल ती, लहानात लहान डोसात, कमीत कमी दिवस, हा एकच शहाणपणाचा मार्ग. 76 व्या वर्षी रोज नेमाने घ्यायची ही औषधं नव्हेतच.

किडनीचं मुद्दाम सांगते, कारण हे घरोघरी घडताना मी बघते. आईची बीपीची स्ट्रिप हातात घ्या आणि नाव वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन असं 'सार्टन'ने संपणारं किंवा रामिप्रिलसारखं 'प्रिल'ने संपणारं काही असेल, आणि त्याच गोळीत 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्यावर तिसरी ही सुजेची गोळी पडली की किडनीवर तिन्हीकडून ताण येतो. उन्हाळ्यात जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं, उपास घडला की किडनी एकदम बसते. शिवाय सुजेची गोळी बीपीच्या गोळीचा गुणही कमी करते. मग बीपीची गोळी वाढवली जाते, आणि मूळ कारण गुडघ्याच्या गोळीत आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. आजच एक करून बघा. आईच्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबा आणि अंगठा उचला. खड्डा तसाच राहिला तर पायात पाणी आहे. ते डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घ्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारणीने दिलेली पुडी, सगळं. 'वनस्पतींची' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक कुटून घातलेलं सापडलं आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढं करून मागा. हिमोग्लोबिन अशासाठी की पोटातून थोडं थोडं रक्त जात असेल तर शी काळी दिसायच्या आधी ते तिथे कळतं.

अंथरूण धरेल ही तुमची भीती मला समजते. पण गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूचा असतो, आणि दुखतं म्हणून बसून राहिलं की तोच वाळतो. आईला खुर्चीवर बसवा, एक पाय समोर सरळ ताणून धरायला लावा, मनात दहा मोजायचे, हळूच खाली. मग दुसरा पाय. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले आठ-पंधरा दिवस कुरकुर करेल. फरक दिसायला सहा आठवडे जातात, आणि तो टिकतो. फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. जमिनीवर बसून भाजी निवडणं बंद, उंच स्टूल द्या. संडासात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरले तरी गुडघ्याला जाणवतं.

डायक्लोफेनॅकचं जेल गोळीपेक्षा कितीतरी सुरक्षित, कारण रक्तात फार थोडं उतरतं, आणि गुडघ्यासाठी ते खरंच गुण देतं. आपण ते चुकीचं वापरतो. वाटाण्याएवढं लावतो आणि ट्यूब महिनाभर पुरवतो. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम लागतं, दिवसातून तीनदा तरी. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब दोन गुडघ्यांना सव्वा ते अडीच दिवसांत संपायला हवी. लावल्यावर वरून शेक किंवा घट्ट पट्टी नको. पॅरासिटामॉल झिजेच्या दुखण्यावर थोडंसंच काम करतं, पण वाईट दिवशी 500 किंवा 650 ची गोळी चालेल, दिवसभरात 3 ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं, ते त्यात धरून. इतकं करूनही गुडघा रात्री जागवत असेल तर इंजेक्शन किंवा सांधेबदलीबद्दल हाडांच्या डॉक्टरांशी बोलायची वेळ आली आहे. वय 76 म्हणून तो दरवाजा बंद होत नाही.

आणि कुठल्याही औषधाने घरात कुणाला काही विपरीत झालं तर ते डॉक्टरांना सांगून सोडू नका. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवली जाते. 1800-180-3024 या मोफत नंबरवर कुणालाही, रुग्णाच्या मुलालाही, कळवता येतं. औषध दोषी आहे हे सिद्ध करायची गरज नसते, शंका पुरते. रोफेकॉक्सिब आपल्याकडे विकलं जात होतं तेव्हा अशी सोय नव्हती, हा कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. एकेका माणसात दिसत नाही ते हजार नोंदी एकत्र आल्या की दिसायला लागतं, म्हणून कळवायचं.

महिन्याभरात आईचे बीपीचे आकडे आणि क्रिएटिनिन मला कळवा. बीपीच्या गोळीचं पूर्ण नावही त्यात लिहा, या पत्रात ते राहून गेलं आहे.